वैजूताई अडकल्या नव्हत्या

लिसीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होते. दुपारचे दोन वाजत आले होते. मुलीची शाळेची बस यायला अजून अवकाश होता. लिसी म्हणजे मस्कतपासून दोन तासांवरच्या इब्रा गावच्या सरकारी दवाखान्यातली केरळची सिस्टर, वैजूताईंच्या खोलीत इतकी वर्षं सोबत राहिलेली. "दीदी," ती तिच्या हिंदीत म्हणाली, "वैजूदीदी चला गया." मला वाटलं, गावी गेल्या. "अशा न सांगता कशा गेल्या?" मी जरा रागानंच विचारलं. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला, तेव्हा कळलं... सकाळची ड्युटी संपवून ताई खोलीवर आल्या, चहाचं आधण ठेवलं, कॉटवर टेकल्या आणि तशाच गेल्या. लिसी पोचली तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. वय चौपन्न.

मी हात धुऊन बाहेर येऊन बसले. तासाभरात मस्कतच्या मराठी लोकांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बातमी फिरली. जोडलेले हात, पांढरी फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्या सगळ्या हातांच्या मधे एका बाईंनी विचारलं होतं, "या कोण? त्या डोंगरावर अडकलेल्या ताई का?" खाली लगेच तिघांची उत्तरं होती. "हो, त्याच."

आज त्याला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी रडले त्याहून जास्त चिडले आहे, आणि तो राग अजून उतरलेला नाही. एक बाई तीस वर्षं माणसांची शुश्रूषा करते, त्यातली एकोणीस या वाळवंटाच्या कडेला काढते, आणि मेल्यावर तिची ओळख काय, तर डोंगरावर अडकलेल्या ताई! म्हणून हे लिहिते आहे. वैजूताई अडकल्या नव्हत्या. त्या दिवशी मी तिथे होते.

वैजयंती परब हे त्यांचं पूर्ण नाव. त्यांची माझी भेट झाली ती इब्र्याच्या बायकांच्या बाजारात. बुधवारी तिथे विकणाऱ्याही बायका आणि घेणाऱ्याही बायकाच. लग्न होऊन मस्कतला येऊन मला चारच महिने झाले होते. माझा नवरा उदय रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याचं त्या भागात काम होतं, म्हणून तो मला बाजारात सोडून गेला होता. एका बुरखेवाल्या आजीपुढे सुक्या मासळीचा ढीग होता आणि तिच्याशी एक उंच, सावळी बाई फाड फाड अरबीत घासाघीस करत होती. भाव जमला नाही तशी ती स्वतःशीच पुटपुटली, "ह्या भावान तर देवगडाक इमानान जाऊन हाडीन." मी मोठ्यानं हसले. ती वळली. "काय गो, खयची तू?" मी म्हटलं, कुडाळची. पुढच्या पाच मिनिटांत मी तिच्या खोलीवर होते आणि माझ्यासमोर सोलकढी होती. परक्या मुलखात कुणी आपल्या बोलीत "खयची तू" विचारलं की काय होतं, ते घर सोडलेल्यालाच कळेल.

देवगडजवळच्या एका खाडीकाठच्या गावात त्या वाढल्या. लहानपणी ओहोटीला आईबरोबर खडपावर कालवं काढायला जायच्या. ओले, धारदार, शेवाळलेले खडक, खाली पाणी, आणि पाय अनवाणी. खडकावर पाय कुठे ठेवायचा हे चालायला शिकतानाच शिकले, असं त्या सांगायच्या. पुढे नर्सिंग, मुंबईत नोकरी, मग इब्रा. लग्न केलं नाही. याचं कारण शोकसभेत प्रत्येक वक्त्यानं परस्पर ठरवून टाकलं: भावंडांसाठी झिजल्या. खरं म्हणजे त्यांना कुणी असं म्हटलं तर त्या उसळायच्या. "झिजाक मी काय चंदन आसंय?" त्यांना इब्रा आवडायचं. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून गावामागच्या टेकड्यांवर एकट्या चढून यायला आवडायचं. खोलीच्या खिडकीत त्यांनी दगड मांडून ठेवले होते, हिरवट, लाल, चॉकलेटी, आणि कुठला दगड कुठे सापडला हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाई जरा चक्रमच आहे. मग मीही त्यांच्याबरोबर चढायला लागले.

त्याच सुमारास मस्कतमधे आमचा भटक्यांचा एक गट जमला होता. सरकारनं आठवड्याची सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार केली होती, म्हणून शुक्रवारी डोंगर आणि शनिवारी पाय शेकत पडून राहणं लोकांना परवडायला लागलं होतं. गटाचे पुढारी एक गृहस्थ होते. त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. सैन्यातले नव्हेत, हौशी. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते उदयच्याच कारखान्यात त्याचे वरिष्ठ आहेत, एवढं मात्र सांगायला हवं, कारण पुढे मी जे वागले त्याचं मोठं कारण तेच आहे. मीच हट्ट करून वैजूताईंना या गटात घातलं.

तो डिसेंबर होता. दोन गाड्यांतून आम्ही मस्कतहून निघालो, सकाळी इब्र्यात वैजूताईंना घेतलं आणि दक्षिणेला वाळवंटाच्या अंगानं गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर तासभर खडीतून खडखडत गेल्यावर तो डोंगर दिसला. सपाट माळावर एकटाच उभा, तांबडा, वालुकाश्माचा. नकाशावर त्याला नाव नव्हतं. आमच्यातला एक जण त्याला लाल टेंगूळ म्हणाला आणि तेच नाव पडलं. वाऱ्यानं सगळ्या अंगाला भोकं पाडलेली, पोळ्यासारखी. लांबून वाटायचं, धरायला जागाच जागा आहे. जवळ गेल्यावर कळलं की हा दगड म्हणजे जुनी नानकटाई आहे. जोर दिला की हातात येतो.

गाड्यांपाशी कॅप्टननी सगळ्यांना उभं करून सूचना दिल्या. शेवटची सूचना आमच्यासाठी होती. गटात त्या दिवशी बायका आम्ही दोघीच. "लेडीजनी खालीच थांबायचं. रॉक लूज आहे. आम्ही इन्शाल्ला दोन तासांत जाऊन येतो, तोवर जेवणाचं लावून ठेवा." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. अजून बांधतोच आहे, असं मी त्याला अधूनमधून सुनावते. पुरुष डावीकडच्या घळीतून वर दिसेनासे झाले तशी वैजूताईंनी ओढणी कमरेला आवळली. "चल गो. जेवण डब्यात आसा, ता खय पळान जाणा नाय."

त्यांना चढताना पाहणं हा एक वेगळाच अनुभव होता. घाई नाही, धापा नाहीत. हात टाकण्याआधी प्रत्येक दगडावर त्या तळहातानं एक थाप मारायच्या आणि ऐकायच्या. भरीव आवाज आला तर धरायचा. पोकळ आला तर सोडून द्यायचा. "हो दगड बोलता," एका दगडाला थोपटून त्या म्हणाल्या, "तू फक्त आयक." मी ऐकत, घाबरत, हसत त्यांच्या मागून चढत होते. अर्ध्यावर घळ जरा रुंद झाली, तिथे आम्ही पाणी प्यायला थांबलो. माथ्यावरून पुरुषांच्या हसण्याचे आवाज येत होते, फोटो चालले असावेत. मग वारा फिरला आणि ते आवाज बंद झाले. आणि त्याच वेळी उजव्या अंगाकडून, अगदी बारीक, एक हाक आली. "कोणी आहे का?"

घळीच्या बाहेर डोकं काढून आम्ही पाहिलं. बाकीचे सोप्या वाटेनं वर गेले होते. कॅप्टन मात्र उजवीकडच्या कड्यावरून सरळ वर जाऊन दाखवायला निघाले होते. एका अरुंद पट्टीवर ते उभे होते. वीतभर रुंदीची असेल नसेल. त्यांच्या हातातला दगड निखळला होता आणि ते थोडे घसरून तिथे टेकले होते. आता दोन्ही हात पसरून, गाल दगडाला चिकटवून, डोळे मिटून उभे. खाली तीन मजल्यांइतका सरळ कडा. पाय लटलट कापत होते आणि त्या कापण्यानं पट्टीवरची वाळू झरझर खाली सांडत होती.

मी म्हटलं, "वरच्यांना बोलावू या." ताईंनी वर पाहिलं, मान हलवली. वाऱ्यात हाक पोचली नसती, आणि ते गृहस्थ तितका वेळ उभे राहिले नसते. ताईंनी बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले आणि बूट माझ्या हातात दिले. "हंयच बस. खाली बघू नको." आणि त्या अनवाणी त्या पट्टीवर गेल्या. थाप मारत, ऐकत, एकेक पाऊल. तिथे पोचल्यावर त्यांचा आवाज एकदम बदलला. मालवणी गेली, दवाखान्यातली मराठी आली. "नमस्कार. मी वैजयंती सिस्टर. डोळे उघडू नका, काही घाई नाही. मी तुमच्या डाव्या बाजूला आहे. हा माझा हात तुमच्या पाठीवर. लागतोय?" कॅप्टन काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. "नाही, पडत नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी पेशंटला खोटं सांगत नाही."

मग त्या मला म्हणाल्या, "मेधा, तू बोलत राहा. मोठ्यानं. ह्यांना माणसाचा आवाज ऐकू येऊ दे." मी म्हटलं, काय बोलू? "काय पण बोल. काळ्या वाटाण्याचा सांबारा कसा करतंस ता सांग." आणि मी त्या ओसाड डोंगरावर, मांडीवर दुसऱ्याचे बूट घेऊन, रडक्या आवाजात सांगायला लागले. वाटाणे रात्री भिजत घालायचे. कांदा-खोबरं भाजून घ्यायचं, खोबरं तांबूस झालं पाहिजे, काळं नको... ताई मधूनच विचारत होत्या, "धने किती?" आणि त्याच वेळी वाकून, एका हातानं दगड धरून, दुसऱ्या हातानं त्या माणसाचा पाय उचलून पुढच्या जागेवर ठेवत होत्या. "आता डावा. माझ्या हातात द्या. सोडा, सोडा, मी धरलाय. टेकला? आता त्यावर भार द्या." एके ठिकाणी पट्टी तुटलेली होती. तिथे त्या खाली एका खोबणीत उतरल्या आणि त्यांनी कॅप्टनचा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला. पाऊणशे-ऐंशी किलोचा माणूस, बुटासकट. माझा सांबारा तीन वेळा शिजला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण कड्यावरची सावली सरकून माझ्या पायांशी आली होती.

घळीत पोचल्यावर कॅप्टन बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागले. भीतीनं माणसाचं जे होऊ शकतं ते सगळं झालं होतं, कपडे भिजले होते. हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. घाबरण्यात लाज नाही. मी तर नुसती बसूनही थरथरत होते. पण ताईंनी त्या वेळी जे केलं ते सांगायचं तर हे सांगावंच लागतं. त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली उघडली, अर्धी कॅप्टनच्या पँटवर ओतली आणि अर्धी स्वतःच्या कुर्त्यावर. "बाटली फुटली म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "दोघं भिजलो." आमच्याजवळ शिल्लक राहिलेलं सगळं पाणी होतं ते. त्यांचे तळपाय कापले होते. त्यांनी मोजे चढवले, रक्त मोज्यात जिरलं, बूट पायांत जाईनात म्हणून माझ्याच हातात राहिले, आणि आम्ही तिघं खाली आलो.

खाली एक म्हातारा बदू, वाळवंटातला धनगर, आपली पिकअप उभी करून बसला होता. मागे शेळ्या होत्या. त्यानं माळावरून सगळं पाहिलं होतं. तो उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून "माशाल्ला, सिस्टर" म्हणाला. तोपर्यंत बाकीचे पुरुषही घळीतून उतरून आले. म्हाताऱ्यानं कॅप्टनकडे बोट दाखवून त्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. कुणाला कळलं नाही, पण सगळे हसले. कॅप्टनही हसले. अर्थ ताईंनी मला गाडीत सांगितला. या माणसाला पुन्हा एकट्याला सोडू नका, असं तो म्हणत होता.

"काय झालं? भिजलात कसे?" कुणीतरी विचारलं. कॅप्टननी पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि अगदी सहज म्हणाले, "काही नाही रे. ताई मधेच अडकल्या होत्या. उतरवून आणलं."

मी तोंड उघडलं. वैजूताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात घावण्यांचा डबा दिला, जवळजवळ कोंबला, आणि म्हणाल्या, "वाढ सगळ्यांना." आणि मी वाढले. कॅप्टनना दोन घावणे जास्त वाढले, हेही लिहून टाकते.

परतताना गाडीच्या मागच्या सीटवर मी त्यांच्या कानाशी भांडले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो पेशंट होतो गो. पेशंटचा भायर बोलाचा नसता." मी म्हटलं, पेशंट सिस्टरबद्दल खोटं बोलतो ते चालतं? "पेशंट शिव्या पण घालतत. काय करतंस?" घरी येऊन मी उदयला म्हटलं, कॅप्टन सांगतात तसं झालेलं नाही. त्यानं मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाला, "त्यांच्या हाताखाली काम करायचंय मला. ताईंचंच काही म्हणणं नाही, तर तू कशाला..." मी गप्प बसले. ताईंना दिलेला शब्द पाळतेय असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण नवऱ्याची नोकरी होती. दोन्ही कारणं मला सोयीची होती.

खोटं एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज लिहायला बसले नसते. पण ते थांबलं नाही. गटाच्या पुढच्या जेवणात कॅप्टनच्या गोष्टीत ताई "जवळजवळ पडत" होत्या. कोजागिरीला त्या किंचाळत होत्या. वर्षभरात कॅप्टननी त्यांना चक्क पाठीवर घेतलं होतं. आणि मग गटात नियम झाला: अवघड चढाईला लेडीज नकोत, ताईंच्या वेळचं लक्षात आहे ना? यादी व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. ताईंनी नाव टाकलं की कॅप्टनचा निरोप जायचा, "ताई, तुमच्या सेफ्टीसाठीच म्हणतो." दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा त्यांनी नाव टाकलं नाही. त्या डोंगरावर आमच्या अख्ख्या गटात ज्या एका माणसाला दगड कळत होता, त्याला आम्ही सुरक्षिततेच्या नावाखाली घरी बसवलं! आणि मी? मी जात राहिले. सोप्या वाटांवर, नवऱ्याबरोबर, कॅप्टनच्या मागून. शनिवारी ताईंचा फोन यायचा. "काल खय गेलात? दगड कसलो होतो?" मी सांगायचे. त्या विचारायच्या, हाताला खरखरीत लागतो की गुळगुळीत? रंग कसला? एकही प्रश्न असा नव्हता की ज्यात तक्रार होती, आणि त्यामुळेच मला ते फोन नकोसे व्हायला लागले.

एकदा मात्र मी विचारलं. त्यांच्या खोलीवर होते, लिसी ड्युटीवर गेली होती. "एकदा, फक्त एकदा सांगून टाका ना सगळ्यांना. काय होईल?" त्या मेथी निवडत होत्या. "मी सांगलंय तर तो परत कधी डोंगरार जावचो नाय." मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुठे जाताय?" त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "मेथी किडकी आसा," त्या म्हणाल्या. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. इतकं मोठं मन कुणी असू नये. त्याचा फायदा कोण घेतं, हे दिसत असताना तर नाहीच नाही.

शोकसभा त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी झाली, मस्कतच्या रुवी भागातल्या एका उपाहारगृहाच्या वरच्या हॉलमधे. पार्थिव तोवर गावी पोचून सगळं आटोपलं होतं. टेबलावर दिवाळीच्या कार्यक्रमातला त्यांचा फोटो, हार घातलेला. साठ-सत्तर माणसं होती. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्यांना दोनदासुद्धा पाहिलं नसेल. त्याग, सेवा, मायेची सावली... मी ऐकून घेत होते. मग कॅप्टन उठले. आवाज भरून आलेला. म्हणाले, "ताईंचं आणि माझं एक वेगळं नातं होतं. लाल टेंगळावर त्या अडकल्या होत्या तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, भाऊ, मला वाचवा..." मागच्या रांगेत एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले. "ताई अडकल्या नव्हत्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही अडकला होतात. त्यांनी तुम्हाला उतरवलं. अनवाणी. त्यांचे बूट माझ्या मांडीवर होते."

कॅप्टन माझ्याकडे बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, हो म्हणतील. एवढंच तर हवं होतं, एक हो. पण ते सभेकडे वळले आणि हळुवार म्हणाले, "वहिनींना खूप धक्का बसलाय. समजू शकतो आपण." सूत्रसंचालन करणाऱ्या बाई लगबगीनं माझ्यापाशी आल्या. "अगं, ही वेळ आहे का? गेलेल्या माणसाच्या समोर?" मी म्हटलं, "गेलेल्या माणसासमोर खोटं बोलायची वेळ आहे का?" त्यांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि चहा.

गाडीत रुसैलचा पूल गेल्यावर उदय म्हणाला, "बूट तुझ्या हातात होते, ते मी पाहिलं होतं. त्याच दिवशी." मी त्याच्याकडे पाहिलं. "मग विचारलं का नाहीस?" त्यानं गिअर बदलला. "विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं." पाच वर्षं तो हे जवळ बाळगून होता. दुसऱ्या दिवशी कामावर कॅप्टननी त्याला केबिनमधे बोलावलं आणि बायकोची तब्येत सांभाळा असं सांगितलं. उदय म्हणाला, "ती बरी आहे, सर. ती खरं बोलली." एवढंच. त्याची नोकरी अजून आहे. म्हणजे ज्या भीतीनं आम्ही पाच वर्षं गप्प होतो, ती भीतीही खोटीच निघाली... याचा राग कुणावर काढू?

मला गटातून काढून टाकलं गेलं आहे. त्या दिवशी माथ्यावर गेलेल्यांपैकी दोघांचे फोन आले. एक म्हणाला, वहिनी, वाद वाढवू नका. दुसरा म्हणाला, मला वाटतच होतं. वाटत होतं तर इतकी वर्षं घावणे चघळत काय बसला होतात, असं मी त्याला विचारलं. कॅप्टनचा फोन आलेला नाही. वैजूताई असत्या तर माझ्यावर चिडल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं. पण ताई, मी सिस्टर नाही. मी फक्त तिथे होते.

मागच्या शुक्रवारी इब्र्याला जाऊन आले. खोलीतली ताईंची जागा रिकामी करून द्यायची होती, नवी सिस्टर येऊन थांबली होती. खिडकीतले दगड लिसीनं एका पिशवीत भरले होते. दोन तिनं ठेवले, बाकीचे मी घेतले. सामान असं फारसं नव्हतंच. आवरून झाल्यावर लिसी म्हणाली, "दीदी, ऊपर आओ." बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत होते, पाण्याच्या टाक्या होत्या, आणि टाक्यांच्या पलीकडे एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची, उन्हानं पिवळी पडलेली. ड्युटीवरून आल्यावर वैजूताई रोज संध्याकाळी तिथे बसायच्या, लिसीनं सांगितलं. मला हे कधीच माहीत नव्हतं. खुर्चीचं तोंड रस्त्याकडे होतं. तिथे मोबाइलला रेंज चांगली येते म्हणून कुणीतरी येऊन बसतं आणि जाताना तशीच ठेवून जातं.

लिसी खुर्चीपाशी गेली. तिनं ती उचलली आणि फिरवून डोंगरांकडे तोंड करून ठेवली. "रोज घुमाती हूँ," ती म्हणाली. "रोज कोई उलटा कर देता है." मग कपडे गोळा करायला गेली. मी त्या खुर्चीत बसले. समोर तपकिरी डोंगरांच्या रांगा होत्या, एकामागे एक, आणि शेवटच्या रांगेमागे काही दिसत नव्हतं. ऊन उतरेपर्यंत मी बसून राहिले.